नवव्या खोलीनंतर

रोझमेरीबाईंनी छत्तीस वर्षं पोरांना शिकवलं, पण स्वतः शिकायला बसल्या तेव्हा पहिलीतल्या पोराच्या वरताण निघाल्या. हे त्यांचं त्यांनीच दिलेलं प्रशस्तिपत्र. त्यांना मण्यांचं विणकाम शिकवणारी विनिता बिचारी इतकंच म्हणायची, "बाई, तुम्ही घाई करता."

विनिता मूळची कणकवलीकडची, लग्न होऊन वसईजवळच्या आचोळ्याला आलेली. नवरा सकाळी मुंबईला गेला की तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या हॉलमध्ये मंगळवार-शुक्रवारी दुपारी क्लास भरायचा. चार-पाच बायका सतरंजीवर बसून दिवाळीसाठी मोत्यांची तोरणं करायच्या. त्यांच्यात या एकट्या सांडोरच्या, रिक्षा बदलत येणाऱ्या, त्रेसष्ट वर्षांच्या, आणि तोरण न करणाऱ्या.

"मला तोरण नको," बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "मला क्रूस करायचाय. अर्धा झालेला आहे. उरलेला अर्धा करायचाय, दोन नोव्हेंबरच्या आत."

"कोणी केलाय अर्धा?"

"माझ्या मुलीने. मागच्या वर्षी डेंग्यूने गेली ती."

यावर विनिताने जास्त काही विचारलं नाही, आणि त्याबद्दल बाईंना ती लगेच आवडली. वर्षभर भेटेल तो माणूस काही ना काही विचारत होता. ताप कधी आला, दवाखान्यात उशिरा नेलं का, लग्नाचं ठरलं होतं का. डायना सत्तावीस वर्षांची होती, एकुलती होती, गोरेगावला एका लॅबमध्ये नोकरीला होती आणि पाच दिवसांत गेली. एवढं सांगून झाल्यावर आणखी काय सांगायचं असतं?

दोन नोव्हेंबर हा मृतांचा दिवस. त्या संध्याकाळी गाव सगळा दफनभूमीत असतो. कबरी चुन्याने रंगवलेल्या, वर झेंडू-शेवंती, मेणबत्त्या, आणि फादर पवित्र पाणी शिंपडत कबरींमधून फिरतात. मागच्या वर्षी डायनाची कबर इतकी ताजी होती की बाईंनी तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नव्हतं. या वर्षी तिथे डायनाचा क्रूस ठेवायचा, तिने सुरू केलेला आणि पुरा झालेला, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. ते एक काम सोडलं तर त्यांना सकाळी उठायचं काही कारण उरलं नव्हतं, असं त्या स्वतःच नवऱ्याला म्हणाल्या होत्या.

ही वीण मात्र साधी नव्हती. साधं मणीकाम पसरत जातं, चटईसारखं. हे उभं राहतं. विनिता त्याला पेटीची वीण म्हणायची आणि एकेका पेटीला खोली.

"ही चार मण्यांची जमीन," ती दाखवायची. "आता भिंती. पहिल्या भिंतीला तीन मणी घ्यायचे. दुसरीला दोनच, कारण एक बाजू पहिल्या भिंतीने दिलेली आहे. तिसरीला दोन. चौथीला एक."

"एकच?"

"दोन्ही बाजू आधीच उभ्या आहेत ना. आता वरचे चार मणी दोऱ्यात घ्या आणि आवळा. हे छप्पर. आणि हेच छप्पर म्हणजे वरच्या खोलीची जमीन."

ऐकायला काय, सोपं होतं. बाईंनी चौथ्या भिंतीला तीन मणी घातले आणि खोलीला पोक आलं. मग छप्पर आवळायला विसरल्या, तर सगळं बोटांत कोसळलं. नायलॉनचा दोरा डोळ्यांना दिसेना, सुई अंगठ्यात जायची, मणी सतरंजीवरून थेट कपाटाखाली. चूक झाली की त्या सबंध काम उसवायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. विनिता म्हणायची, "एवढं नका उसवू, इथून सावरता येतं." पण सावरणं हा प्रकार रोझमेरीबाईंच्या कोशात नव्हताच. सातवीत डायनाने रुमालावर गुलाबाची वेल भरली होती, ती त्यांनी तीनदा उसवायला लावली होती. चौथ्यांदा वेल सरळ आली आणि शाळेच्या प्रदर्शनात पहिली आली, हेही खरं आहे.

पाच आठवड्यांनी त्यांचा सरळ, चौकोनी, बारा खोल्यांचा गोफ उभा राहिला. तो बघून तोरणवाल्या बायकांनीही माना डोलावल्या. त्या शुक्रवारी बायका गेल्यावर बाईंनी पिशवीतून श्रीखंडाचा एक जुना डबा काढला. तोवर त्यांनी तो कुणाच्या हातात दिला नव्हता.

आत पांढऱ्या मण्यांची एक दांडी होती, हाताच्या बोटापेक्षा थोडी लांब. सोळा खोल्या. क्रूसाचा उभा खांब पुरा होता, आडव्या हातांपैकी एकही नव्हता. दोऱ्याला सुई तशीच लटकत होती.

विनिताने खिडकीशी जाऊन दांडी उजेडात धरली, दोन बोटांत हळूहळू फिरवली. मग पुन्हा फिरवली. तिचा चेहरा पाहून बाईंना कळलं. समोरच्याची वही तपासताना आपलाही चेहरा असाच होत असणार, हेही कळलं.

"काय चुकलंय?"

"काम सुंदर आहे, बाई. खरंच. पण हे बघा, खालच्या नऊ खोल्या किंचित उजवीकडे पिळल्यात. तेवढं सगळ्यांचंच होतं, तुमचाही गोफ तसाच आहे. नवव्या खोलीनंतर मात्र पीळ उलटा झालाय. वरच्या सात खोल्या डावीकडे वळतात. आडवे हात बाराव्या खोलीतून काढायचे म्हणजे ते याच उलट्या भागात येणार. तुम्ही तुमच्या पद्धतीने हात विणलेत तर ते खांबाशी जुळायचे नाहीत."

"मग?"

विनिताने नवव्या खोलीच्या वर नख टेकवलं. "वरच्या सात खोल्या उसवायच्या. नववीच्या पुढे तुम्ही परत विणा. सरळ येईल."

छत्तीस वर्षं ज्या बाईने दुसऱ्यांचं उसवलं, तिला कुणी उसवायला सांगावं यात खरं तर नवल नव्हतं. पण रोझमेरीबाईंनी दांडी तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली.

"हे मी उसवणार नाही."

"बाई, वाकडा दिसेल क्रूस."

"दिसू दे. यातला एक मणीसुद्धा हलणार नाही."

विनिताने चहा केला, दोघींनी प्याला. कप उचलता उचलता ती सहज म्हणाली, "माझ्याकडे कळंबची एक मुलगी यायची. तिचा पीळ असाच उलटा पडायचा. ती डावखुरी होती. तुमची डायना डावखुरी होती का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "सगळं उजव्या हाताने करायची."

डबा पिशवीत घातला आणि त्या निघाल्या.

आता, खोटं बोलणाऱ्या पोरांना आयुष्यभर वर्गाबाहेर उभं करणाऱ्या बाई भर दुपारी, नुकताच चहा पिऊन खोटं बोलल्या होत्या. जिना उतरेपर्यंत त्यांना ते खोटं वाटलंसुद्धा नाही. रिक्षात बसल्यावर वाटलं.

डायना चार वर्षांची असताना पाटीवर डाव्या हाताने अक्षरं गिरवायला लागली होती. शिक्षिकेची मुलगी आणि डावखुरी, लोक काय म्हणतील? त्याहून वाईट म्हणजे चर्चमध्ये ती क्रूसाची खूण डाव्या हाताने करायची. क्रूसाची खूण उजव्याच हाताने करायची असते, हे वसईत शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मागच्या बाकावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि रोझमेरीबाईंच्या पाठीला ते हसणं कळायचं. मग त्यांनी उपाय केला. जेवताना, अभ्यासाला आणि प्रार्थनेला बसताना पोरीचा डावा हात रुमालात गुंडाळून फ्रॉकला मागे पिनेने अडकवून ठेवायचा. दीड वर्ष. पोर सुरुवातीला रडली, मग रडायची थांबली, मग उजव्या हाताने लिहायला लागली. अक्षर मोत्यासारखं झालं. बाई ही गोष्ट पालकसभेत सांगायच्या. गावातल्या दोन-तीन घरांनी आपली डावखुरी पोरं त्यांच्याकडे वळण लावायला पाठवली होती, आणि त्यांनी ते मनापासून लावलं होतं.

पुढे इतकी वर्षं डायनाने त्यांच्यासमोर डावा हात कधी पुढे केला नाही. बाईंना वाटलं, सवय गेली. खरोखर तसंच वाटलं होतं त्यांना.

मंगळवारी त्या वेळेच्या अर्धा तास आधीच विनिताच्या दारात उभ्या होत्या.

"होती," चप्पल काढता काढता त्या म्हणाल्या. "डावखुरी होती. मीच तिचा हात वळवला होता. वळला नव्हता, असं आता दिसतंय."

विनिताने त्यांना आत घेतलं, पंखा लावला.

"मला डाव्या हाताने शिकव," बाई म्हणाल्या. "वरच्या सात खोल्या जशा आहेत तसेच हात करायचे. तिच्या पिळाचे."

"मला डाव्या हाताने येत नाही, बाई. त्या कळंबच्या मुलीला मी समोर बसवायचे. मी उजव्याने करायचे, ती आरशात बघितल्यासारखं करायची. तुम्हाला जमेल? तुमचा हात तर जन्माचा उजवा."

"न जमायला काय झालं? चार वर्षांच्या पोरीकडून करून घेतलंच ना मी."

हे त्या अगदी कोरड्या आवाजात म्हणाल्या. विनिताने मण्यांचा डबा पुढे ओढला.

दोघी समोरासमोर बसल्या. विनिता सुई उजवीकडून आत घाली, बाई डावीकडून. विनिताचा मणी इकडे, बाईंचा तिकडे. पहिल्या दिवशी दोन तासांत एक जमीन आणि एक भिंत झाली, आणि तीही नंतर पडली. डाव्या हाताला सुई धरायचीच कशी ते कळेना. उजवा हात तर असा आगाऊ की मध्येच येऊन सुई घ्यायचा, आणि तीन टाके पडल्यावर बाईंच्या ध्यानात यायचं. घरी आल्यावर खांद्यापासून मनगटापर्यंत ठणका लागायचा. असा ठणका त्या चिमुकल्या हाताला लागला असेल का, हा प्रश्न त्यांना तेवीस-चोवीस वर्षांत पहिल्यांदा पडला. आपण तो विचारलाच नव्हता याची त्यांना लाज वाटली. लाज हा शब्द त्यांनी वर्गात हजारदा वापरला होता, स्वतःसाठी पहिल्यांदाच.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर अर्धा सरला. आता बाई घरीही सराव करायच्या, पडवीतल्या टेबलावर.

एका दुपारी त्यांचा नवरा स्टॅनी वाडीतून केळीची पानं कापून घेऊन आला. स्टॅनी बोलायला काटकसरी माणूस. बायको बोलत असली की तो मूग गिळून बसायचा, आणि ती बहुतेक वेळा बोलतच असायची. त्याने पानांचा भारा खाली ठेवला आणि तिच्या डाव्या हातातली सुई पाहून तो दारातच थांबला.

"तीसुद्धा जीभ अशीच दातात धरायची," तो म्हणाला.

रोझमेरीबाईंनी मान वर केली. "कधी?"

तो वाकून पानांचा भारा नीट करू लागला.

"स्टॅनी, ती घरात डाव्या हाताने करायची?"

"तुझ्यासमोर नाही."

"आणि तुझ्यासमोर?"

स्टॅनी समोरच्या खुर्चीत बसला. "सगळंच. जेवायची, भाजी चिरायची, लिहायचीसुद्धा. तू फाटकाची कडी काढलीस की हात बदलायची. तिला सवय झाली होती. मलाही."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"ती लहान होती तेव्हा सांगितलं होतं. हात बांधू नको म्हटलं होतं. तू म्हणालीस, तुला शिक्षणातलं काय कळतं. मग मी बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं." तो आपल्या पंज्यांकडे बघत होता. "ती माझी चूक."

बाईंनी सुई खाली ठेवली. दांडी डब्यातून काढून त्याच्यासमोर धरली. "हे नवव्या खोलीनंतर डाव्या हाताने आहे. त्याच्या आधीचं उजव्या हाताने. मध्येच का बदललं असेल?"

"नऊ झाल्या त्या रविवारी-रविवारी, तू घरात असताना. दोरा ढिला पडतोय म्हणून तू तिला टोकलंही होतंस."

टोकलं होतं. बाईंना आठवत होतं. काम चांगलं आहे असं म्हटल्याचं मात्र आठवेना.

"मग तू वेलंकनीच्या यात्रेला गेलीस," स्टॅनी म्हणाला. "आठ दिवस. तेव्हा ती रोज संध्याकाळी इथे बसायची, याच टेबलावर, मोकळ्या हाताने. गाणी म्हणायची मध्ये मध्ये. सात खोल्या त्या आठ दिवसांतल्या. भराभर व्हायच्या तिच्या."

"आणि पुढे?"

"पुढे तू आलीस."

फाटकाबाहेरून कुणी तरी सायकल दामटत गेलं. स्टॅनी तेवढ्यावर थांबला असता. पण बाईंनी नजर हलवली नाही, तेव्हा त्याला उरलेलं सांगावं लागलं.

"डबा कपाटात ठेवला तिने. मी विचारलं, अर्धाच का ठेवलास. तर म्हणाली, आता उजव्याने केलं तर बिघडेल, पप्पा. मम्मी परत कुठे गेली की पुरा करते."

त्यानंतर बाराव्या दिवशी तिला ताप आला होता. तारखा दोघांनाही पाठ होत्या, कुणी मोजल्या नाहीत.

रोझमेरीबाई मुलीच्या अंत्यविधीला रडल्या नव्हत्या. लोक म्हणाले होते, बाई कणखर आहेत. त्या दुपारी पडवीत त्या रडल्या, तोंड झाकून नाही, आवाज दाबून नाही, लहान पोर रडतं तशा. रस्त्यावरून जाणाऱ्यांना ऐकू गेलं असेल तर जावो. स्टॅनीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिला. केळीची पानं उन्हात सुकून वाया गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी डायनाची सुई हातात घेतली, डाव्या. बाराव्या खोलीच्या एका भिंतीलाच जमीन मानून आडवा हात सुरू केला. दिवसाला एक खोली, कधी तीही नाही. त्यांचं काम डायनाइतकं घट्ट नव्हतं, मण्यांमध्ये दोरा दिसत होता, आणि डाव्या बाजूची तिसरी खोली तर चक्क फुगली. त्यांनी ती उसवली नाही. इकडे चार, तिकडे चार. तीस ऑक्टोबरला शेवटचं छप्पर आवळलं. विनिताने क्रूस उजेडात धरून फिरवला. खांबाचा खालचा भाग उजवीकडे वळत होता, वरचा डावीकडे, आणि दोन्ही हात वरच्या भागाशी जुळले होते.

"जुळलं, बाई," ती म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

दोन नोव्हेंबरच्या संध्याकाळी दफनभूमीत दाटी होती. स्टॅनीने कबरीवर शेवंतीची चौकट मांडली, मध्ये बाईंनी क्रूस ठेवला आणि चारी कोपऱ्यांना मेणबत्त्या लावल्या. शेजारच्या कबरीशी रोझलिन होती, तिच्या सासूच्या कबरीवर फुलं घालत. रोझलिन म्हणजे त्यांच्याच शाळेतली, बाईंच्या हाताखाली नोकरीला लागलेली. तिने वाकून क्रूस पाहिला, मग उचलून तळहातावर घेतला. पाठोपाठ तिची सून आणि आणखी दोघी-तिघी जमल्या.

"डायनाचं काम ना हे?" रोझलिन म्हणाली. "काय बोटं होती पोरीची." मग ती बाकीच्यांकडे वळली. "तुम्हाला माहीत नसेल, लहानपणी ही डावखुरी होती. बाईंनी दीड वर्ष मेहनत घेतली आणि हात वळवला. तेव्हा कुठे अशी कला हातात आली. आईबाप असे पाहिजेत."

बायकांनी कौतुकाने रोझमेरीबाईंकडे पाहिलं. ही गोष्ट अशीच्या अशी त्यांनीच गावाला सांगितली होती, वर्षानुवर्षं. आता नुसतं गप्प राहिलं तरी चाललं असतं. फादर तीन कबरी पलीकडे आले होते. स्टॅनी खाली बघत होता.

"हात वळला नव्हता, रोझलिन," बाई म्हणाल्या. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज त्यांनी मुद्दाम लावला. "मला भिऊन ती तो लपवायची. हे तिने डाव्या हाताने केलंय, मी घरात नव्हते तेव्हा. मी परत आले म्हणून ते अर्धं राहिलं."

रोझलिनने क्रूस फुलांमध्ये होता तिथे परत ठेवला. फादर आले, त्यांनी प्रार्थना म्हटली आणि कबरीवर पाणी शिंपडलं.